बोटावर गरगरणारे बेअरिंग फसवते

नारळी पौर्णिमा उलटली की कोकणातल्या जेट्टींवर गळ टाकणारे हौशी मासेमार पुन्हा दिसू लागतात. पावसाळाभर कपाटात पडलेले रीळ बाहेर निघते, हँडल फिरवले जाते आणि आतून करकर ऐकू येते. मग घरात हाताशी असेल ते तेल त्यात सोडले जाते. शिलाई मशीनचे, खोबरेल, कधी मोटारसायकलचे इंजिन ऑइल. आवाज थांबतो. थोड्या दिवसांनी तो परत येतो आणि तेव्हा बेअरिंग बदलण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

रिळातले बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये धावणाऱ्या बारीक गोळ्या. सगळे मिळून व्यास अनेकदा जेमतेम १० मिलिमीटर. गोळी आणि कडी टेकतात तिथे तेलाचा जो पापुद्रा धरतो, त्याची जाडी मायक्रॉनपेक्षाही कमी असते. तेल गरजेपेक्षा पातळ असेल तर हा पापुद्रा तुटतो आणि धातू धातूवर घासतो. गरजेपेक्षा दाट असेल तर गोळ्यांची निम्मी शक्ती तेल ढवळण्यातच जाते. घर्षण हे वेग, भार आणि तेलाचा दाटपणा या तिन्हींच्या मेळावर ठरते, हे जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास बेअरिंगवरील प्रयोगांतून दाखवले. त्यामुळे ‘सगळ्यात चांगले तेल कोणते’ हा प्रश्नच चुकीचा आहे. बेअरिंग रिळात नेमके कुठे बसले आहे, हे आधी विचारायला हवे.

तेलाचा दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा तो साधारण १ असतो. ४० अंशांना अगदी पातळ यंत्रतेलाचा १० च्या आसपास, तर मोटारसायकलच्या नेहमीच्या इंजिन तेलाचा १०० च्या वर. दहापटींचा हा फरक कुठे जाणवतो? बेटकास्टिंग प्रकारच्या रिळात. त्यात गळ फेकताना तंगूस गुंडाळलेली फिरकी स्वतः फिरते. आमिष सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटले आणि फिरकीचा घेर १० सेंटिमीटर असला, तर ती सेकंदाला ३०० फेरे घेते, म्हणजे मिनिटाला १८ हजार. भार जवळजवळ नाहीच. इथे पातळ तेलाचा एक थेंब फेकीचे अंतर वाढवतो. मात्र शिकाऊ माणसाच्या हातात हीच फिरकी आमिषाच्या पुढे पळते आणि तंगूसाचा असा गुंता होतो की कात्रीच लागते. अशांनी थोडे दाट तेल वापरावे. दोन हात अंतर कमी पडले तरी सकाळ वाया जात नाही.

स्पिनिंग रिळाची गोष्ट वेगळी. त्याची फिरकी फेकताना स्थिर असते, तंगूस वेटोळ्यांनी तिच्यावरून सुटत जातो. त्यामुळे महागडे ‘हायस्पीड’ तेल घालून फेक एक फूटही लांबत नाही. तरीही ते घातले जाते, कारण दुकानात बेअरिंग बोटावर फिरवून दाखवले जाते आणि जे जास्त वेळ गरगरते ते चांगले वाटते. खरे तर सगळ्यात जास्त वेळ फिरते ते कोरडे बेअरिंग, आणि सगळ्यात आधी गंजतेही तेच.

स्पिनिंग रिळात खरा मार खातो तो तंगूस वळवणारा छोटा रोलर. तंगूसाबरोबर आलेले खारे पाणी प्रत्येक फेकीला त्याच्यावर ठिबकते. स्टेनलेस पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचे पातळ कवच असते. मिठातले क्लोराइड ते जागोजागी फोडते आणि तिथे बारीक खड्डे पडतात. बेअरिंगसाठी लागणाऱ्या कडक स्टेनलेसमध्ये कार्बन जास्त असल्याने ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांपेक्षा लवकर हार मानते. ‘सिरॅमिक’ बेअरिंगच्याही बहुधा गोळ्याच सिरॅमिक असतात, कड्या पोलादीच. म्हणून रोलरला आणि हँडलच्या बेअरिंगला दाट तेल किंवा पाण्याला दाद न देणारे सागरी ग्रीस हवे. जिताडा ओढ देतो तेव्हा हा रोलर अडकलेला असेल, तर तंगूस त्याच्यावर घासून नेमका तिथेच तुटतो.

ग्रीस सगळीकडे फासणेही बरे नव्हे. हँडल उलटे फिरू नये म्हणून आत रोलरचा एक क्लच असतो. त्यात घट्ट ग्रीस गेले की रोलर वेळेवर पकड घेत नाहीत आणि ऐन मासा लागल्यावर हँडल मागे सटकते. तिथे हलक्या तेलाचा हात पुरतो.

घरगुती तेलांपैकी शिलाई मशीनचे तेल तात्पुरते चालते, पण ते लवकर धुतले जाते. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजू लागते. डिसेंबरच्या पहाटे ते मेणासारखे होते. गोडेतेल हवेतल्या ऑक्सिजनने चिकट होत जाते, तळणीच्या कढईच्या काठावर साचते तसे.

जुने तेल काढायला अनेक जण वाटीत पेट्रोल घेतात. हे टाळावे. त्यात कर्करोगाला कारण ठरणारे बेंझिन असते आणि त्याची वाफ ठिणगीने पेटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते, तेही उघड्या खिडकीशी आणि गॅसपासून लांब. बेअरिंग पूर्ण वाळल्यावरच तेल सोडावे, सुईच्या टोकाने, एक थेंब.

किनाऱ्यावरून परतल्यावर रीळ नळाच्या धारेखाली धरण्याची सवयही अनेकांना असते. जोराची धार मीठ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे, रोलरवर हलके पाणी शिंपडून तो बोटाने फिरवावा आणि रात्रभर सावलीत ठेवावे.