घरातले सूक्ष्मजीव, लेखांक ६ : काच तडकते ती गार होताना

मागच्या लेखांकात साखरेच्या उकळलेल्या पाण्यात यीस्टचे विरजण कसे लावायचे ते पाहिले. परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून आपले विरजण पावापुरते आणि प्रयोगापुरतेच. त्याचे भांडे मात्र प्रयोगशाळेतलेच : शंकुपात्र, म्हणजे निमुळत्या गळ्याचा फ्लास्क. शेतीच्या प्रयोगशाळांत रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा याच पात्रात वाढवतात, आणि कृषी विद्यापीठाच्या अकोल्याला ही नावे नवी नाहीत. पण प्रयोगशाळेतला फ्लास्क जठारपेठेतल्या एखाद्या घराच्या ओट्यावर आला की त्याच्यासोबत एक गैरसमजही येतो. काच उष्णतारोधक आहे, म्हणजे तिला उष्णतेचे भय नाही, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की या काचेला भय उष्णतेचे नसून तापमानातल्या फरकाचे आहे, आणि त्यातही तापण्यापेक्षा एकाएकी गार होण्याचे अधिक.

ज्या काचेला आपण सरसकट ‘बोरोसिल’ म्हणतो ती बोरोसिलिकेट काच एक अंश तापली की लांबीच्या सुमारे ३.३ दशलक्षांश भागाने वाढते. साधी काच सुमारे ९ दशलक्षांश. म्हणजे तोच झटका बसला तर हिच्यात ताण साधारण एक तृतीयांश निर्माण होतो. एक तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे. काच दाबाला कणखर असते, ओढीला फार दुबळी. उकळता फ्लास्क गार पाण्यात बुडवला की बाहेरचा थर आकसू पाहतो, आतला गरम थर त्याला आकसू देत नाही, आणि बाहेरच्या पृष्ठभागावर ओढ येते. घासणीचे ओरखडे नेमके तिथेच असतात; तडा तिथूनच सुरू होतो. काच जाड असली तर आतबाहेरचा फरक अधिक वेळ टिकतो, म्हणून जाड काच भक्कम हा समजही इथे उलटा पडतो. आपल्याकडे ऋतूचीही भर पडते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी इतके तापलेले असते की फ्लास्क नळाखाली धरला तरी बहुधा निभावून जातो. तीच सवय डिसेंबरात नडते. मे महिन्यातच फ्लास्क माठाच्या पाण्यात बुडवला, तरी तेच.

यावर एक आक्षेप रास्त आहे : सावकाश गार करायचे तर तेवढ्या वेळात हवेतले जंतू आत शिरतील. पण जंतू आत पोचतात ते धुळीवर बसून. १८६० च्या सुमारास पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू वापरून हेच दाखवले होते : हवा आत जात राहिली, तरी उकळलेला रस नासला नाही, कारण धूळ वळणावरच अडकली. आपल्याकडे ते काम कापसाचा घट्ट बोळा करतो. तेव्हा फ्लास्क कोरड्या फडक्याच्या घडीवर ठेवावा, ओल्या कडप्प्यावर कधीच नाही. हाताला सोसेल इतका निवाला की कोमट पाण्यात आणि मग गार पाण्यात. कुकरमध्ये निर्जंतुक केला असेल, तर शिट्टी उचलून वाफ सोडू नये. दाब एकदम उतरला की आतले पाणी उसळून बोळ्यासकट बाहेर येते.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे स्टीलच्या पातेल्यात का करू नये? जरूर करावे. घरासाठी मला तोच मार्ग बरा वाटतो, कारण गॅसची ज्योत काचेला एकाच जागी तापवते (प्रयोगशाळेत मध्ये जाळी असते ती याचसाठी) आणि निमुळत्या गळ्यातून साखरेचे पाणी क्षणात उतू जाते. मात्र पातेल्यातले उकळते पाणी थंड फ्लास्कात ओतले, तर तोच झटका आतल्या बाजूने बसतो. काचेच्या ग्लासात कढत चहा ओतण्याआधी चमचा ठेवण्याची रीत याच भीतीपोटी आली. पाणी निवू द्यावे, फ्लास्क कोमट पाण्याने विसळून घ्यावा.

आणि फ्लास्क खरोखर बोरोसिलिकेटचा आहे का? त्याची खूण वऱ्हाडातल्या घरात सहज मिळते. सरकीच्या तेलाचा वक्रीभवनांक १.४७ च्या आसपास, बोरोसिलिकेट काचेचाही तितकाच. म्हणून ही काच तेलात बुडालेली जवळजवळ दिसेनाशी होते. साध्या काचेचा आकडा १.५२ च्या घरात, तिच्या कडा स्पष्ट दिसत राहतात. हा पक्का पुरावा नव्हे, पण कडा दिसल्या तर तो फ्लास्क गरम कामाला घेऊ नये. ओरखडा नखाला लागत असेल तर अस्सल फ्लास्कही बाजूला ठेवावा. विरजण लागल्यावर रबरी बूच लावण्याचा मोह होतो, पण १० ग्रॅम साखर पुरती आंबली तर अडीच लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि बंद फ्लास्कात त्याला वाट नसते. कापसाचा बोळा तेव्हाही तसाच राहू द्यावा.