चांदीला तांबडं दाखवणारा माणूस

जुने फिल्मचे कॅमेरे पुन्हा कपाटांबाहेर पडले आहेत. विशी-पंचविशीतली मुलं आजोबांचे कॅमेरे दुरुस्त करून घेतात, महागडे रोल विकत आणतात आणि छत्तीस फोटो पुरवून पुरवून काढतात. अशाच एका वाचकाचा प्रश्न आहे. जैसलमेरजवळच्या समच्या वाळूचे फोटो त्यांनी मुद्दाम स्लाइड फिल्मवर काढले, कारण फिल्मचे रंग खरे असतात असं त्यांनी ऐकलं होतं. उन्हातली वाळू सोनेरी आली, पण टेकड्यांच्या सावल्या चक्क निळ्या. रोल खराब होता का?

रोल चांगला होता. सावल्या निळ्याच होत्या. टेकडीआड सूर्य गेला की तिथल्या वाळूवर उजेड पडतो तो फक्त आकाशाचा, आणि कोरड्या हवेत ते आकाश चांगलंच निळं असतं. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म साधारण ५,५०० केल्विनच्या उजेडाला पांढरा मानते. निरभ्र आकाशाखालच्या सावलीतला उजेड १०,००० केल्विनच्याही वर जातो. आपला मेंदू हा फरक गुपचूप वजा करतो. फिल्मचा पांढरा मात्र कारखान्यातच ठरलेला असतो. तेव्हा या एका बाबतीत फिल्म आपल्या डोळ्यांपेक्षा प्रामाणिक ठरली.

बाकी 'खरे रंग' ही जाहिरातीतली भाषा आहे. मुळात फिल्मला वाळवंटाचा रंग दिसायलाच नको होता, कारण वाळवंट तांबडं-पिवळं आणि फिल्ममधली चांदी तांबड्या-पिवळ्याला आंधळी!

हा आंधळेपणा बघायचा असेल तर टिमथी ओ'सलिव्हन यांचे फोटो पाहावेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात रणांगणं टिपलेला हा माणूस पुढे सरकारी सर्वेक्षण पथकांबरोबर पश्चिमेकडच्या वाळवंटांत हिंडला. १८६७ साली नेव्हाडातल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांनी स्वतःच्याच गाडीचा फोटो काढला. खेचरं जोडलेली ही गाडी म्हणजे त्यांची चालती डार्करूम होती. तेव्हा काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायची. वाळवंटाच्या कोरड्या उन्हात काच ओली ठेवणं म्हणजे काय दिव्य असेल, कल्पना करा. १८७३ साली ते अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन डी शे या दरीत पोचले. तिथल्या उत्तुंग तांबड्या कड्याच्या कपारीत प्राचीन वस्तीचे अवशेष आहेत. तो फोटो आज छायाचित्रणाच्या इतिहासातल्या नामांकित फोटोंपैकी एक आहे. पण काचेवर उमटला तो कड्यावरून परतलेला निळा आणि अतिनील उजेडच. त्यातल्या राखाडी छटा तांबड्या रंगाबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत. या पथकांच्या ज्या फोटोंत आकाश येतं, तिथे ते बहुतेक कोऱ्या कागदासारखं पांढरं असतं, त्याचंही कारण हेच.

यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे २.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. निळ्या प्रकाशाच्या एका कणाकडे तेवढी असते, तांबड्याकडे जेमतेम १.९. आणि इथे बेरीज चालत नाही. विहिरीचं पाणी पंधरा हात खोल आणि दोर दहा हातांचा असेल, तर असे शंभर दोर एकेक करून सोडले तरी घागर पाण्याला लागणार नाही. मग करायचं काय? दोर वाढवता येत नाही, पण बारव असेल तर पायऱ्या उतरता येतात. पाच हात खाली उतरून तोच तोकडा दोर सोडला की घागर भरते. छायाचित्रणाला अशी पायरी हवी होती. तिचा शोध लागला १८७३ सालीच. ओ'सलिव्हन कॅन्यन डी शेमध्ये काचा धूत होते, त्याच वर्षी बर्लिनमध्ये हर्मान व्हिल्हेल्म फोगेल नावाचे प्राध्यापक एका चमत्कारिक काचेवर डोकं खाजवत बसले होते.

फोगेल वर्णपटाचे फोटो काढत होते. इंग्लंडहून आलेल्या काही कोरड्या काचांवर त्यांना दिसलं की हिरव्याचा परिणाम निळ्यापेक्षा जास्त होतोय. असं व्हायला नको होतं. दुसरा कुणी असता तर काचा सदोष म्हणून परत पाठवून मोकळा झाला असता. फोगेल यांनी चौकशी केली. उजेड काचेत इकडेतिकडे पसरू नये म्हणून कारखान्यानं थरात पिवळसर रंजक मिसळला होता. फोगेल यांनी अल्कोहोलनं तो धुऊन काढला, तर हिरव्याची जाणीवही गेली. मग त्यांनी आपल्या काचांत कोरॅलिन नावाचा रंजक घातला आणि त्या काचांना पिवळा दिसू लागला. रंजकाचा रेणू स्वतः पिवळा प्रकाश शोषतो आणि त्यानं उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन चांदीच्या स्फटिकाकडे सरकवतो. बारवेची पायरी ती हीच. ही यंत्रणा फोगेल यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं, इलेक्ट्रॉनचा शोधच अजून लागायचा होता. पण नियम त्यांनी अचूक मांडला: रंजक जो प्रकाश शोषतो, त्याच प्रकाशाची जाण तो चांदीला देतो.

अनेकांनी विश्वास ठेवला नाही. पुष्टी आली ती दोन वेगवेगळ्या दिशांनी. १८७४ साली पॅरिसमध्ये एडमंड बेकरेल यांनी पानांतल्या हरितद्रव्यानं तोच परिणाम मिळवून दाखवला. आणि त्यानंतरच्या वर्षी थेट कोलकात्याहून, भारतीय सर्वेक्षण खात्यात फोटोग्राफीचं काम पाहणाऱ्या जेम्स वॉटरहाउस यांनी इओसिन हा रंजक किती प्रभावी आहे ते दाखवलं. नकाशे छापणाऱ्या कचेरीतला हा लष्करी अधिकारी पुढेही वर्णपटाच्या तांबड्या टोकाचा पाठलाग करत राहिला. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात त्यांचं नाव किती वेळा येतं, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

खरा तांबडा हाती यायला १९०५ उजाडलं. जर्मनीत बेनो होमोल्का यांनी पिनासायनॉल बनवलं. पहिल्या महायुद्धात जर्मन रंजक ब्रिटनला मिळेनासे झाले आणि पंचाईत झाली, कारण पहाटेच्या तांबूस उजेडात विमानातून टेहळणीचे फोटो काढायला तांबडं जाणणाऱ्या काचाच लागत. केंब्रिजमध्ये विल्यम पोप आणि विल्यम मिल्स यांच्या गटानं ते रंजक स्वतः बनवायला घेतले. त्या गटात फ्रान्सिस हेमर या तरुण रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी पुढची कित्येक दशकं, आधी इलफर्डमध्ये आणि मग कोडॅकच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत, या सायनाइन रंजकांचाच ध्यास घेतला आणि १९६४ साली त्यांच्यावरचा जाडजूड ग्रंथ लिहिला.

यांपैकी कुणाच्या नावानं कुठे दरी-डोंगर असल्याचं ऐकिवात नाही. कोडॅक्रोमच्या नावानं मात्र आहे! १९३५ साली आलेल्या या रंगीत फिल्मची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण तिचे जनक लिओपोल्ड मॅनिस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे पियानो आणि व्हायोलिन वाजवणारे संगीतकार होते आणि डार्करूमच्या अंधारात घड्याळाऐवजी शिट्टीवर ब्राम्सची सिंफनी वाजवून वेळ मोजत. गोष्ट गोडच आहे. पण त्यांच्या फिल्मच्या तळच्या थराला तांबडं दिसत होतं ते रंजकवाल्यांच्या साठ वर्षांच्या खटपटीमुळे, हे कुणी शिट्टीवर वाजवत नाही. १९४९ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या लेखात युटामधल्या रंगीबेरंगी खडकांच्या एका खोऱ्याला 'कोडॅक्रोम' हे नाव मिळालं. पुढे तिथे उद्यान झालं, तेव्हा कंपनी हरकत घेईल या धास्तीनं आधी वेगळंच नाव दिलं आणि परवानगी मिळाल्यावर पुन्हा कोडॅक्रोम केलं. निसर्गाची फिल्मशी तुलना व्हायला लागली होती, फिल्मची निसर्गाशी नव्हे.

आता रंगांच्या अचूकतेकडे येऊ. वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्‌झ, तो बहुतेक रंगहीन. रंग असतो कणांवरच्या लोहखनिजाच्या पातळ लेपाचा: हेमॅटाइटनं तांबडा, गोएथाइटनं पिवळा. गेरू आणि पिवडी म्हणजे हीच मंडळी, कोकणातल्या जांभ्यालाही रंग त्यांचाच. दोन्ही खनिजं निळा प्रकाश गिळतात आणि तांबडा परत पाठवतात. फरक एवढाच, की गिळणं थांबून परतवणं सुरू होतं ती तरंगलांबी गोएथाइटची अलीकडे आणि हेमॅटाइटची थोडी पलीकडे. वाळवंटातल्या सगळ्या छटा या हिरव्या-पिवळ्या-नारिंगीच्या चिंचोळ्या पट्ट्यात ठरतात. नेमक्या त्याच पट्ट्यात आपल्या डोळ्यांतल्या दोन प्रकारच्या शंकुपेशी एकमेकींना अगदी खेटून काम करतात. त्यांची शिखरं सुमारे ५३० आणि ५६० नॅनोमीटरवर. स्लाइड फिल्मचे हिरवा आणि तांबडा थर मात्र साधारण ५५० आणि ६५० च्या आसपास, चांगले लांब. त्यामुळे डोळ्याला जवळजवळ सारखे वाटणारे दोन खडक फिल्मवर फटकून वेगळे येऊ शकतात आणि डोळ्याला वेगळे वाटणारे एक होऊ शकतात. हे कुठल्या फिल्टरनं दुरुस्त होत नाही. फिल्मचे तीन थर हे डोळ्याच्या तीन पेशींचं नुसतं गणिती मिश्रण नसतील, तर सगळे रंग एकाच वेळी बरोबर येणं अशक्य आहे.

त्यात फिल्म बनवणाऱ्यांना अचूकता हवीच होती असंही नाही. कोडॅकमधल्या सी. जे. बार्टलसन यांनी १९६० साली लोकांना ओळखीच्या वस्तूंचे रंग आठवून निवडायला सांगितले, त्यांत गवत आणि आकाशाबरोबर माती आणि वाळूही होती. आठवणीतले रंग सहसा खऱ्यापेक्षा भडक निघाले. गिऱ्हाईक प्रत्यक्षाशी ताडून बघत नाही, आठवणीशी बघतं. १९९० साली आलेली फुजीची वेल्व्हिया त्या आठवणीच्याही पुढे गेली. अरुंद तांबड्या दऱ्यांत तर निसर्गच अतिशयोक्ती करतो. समजा खडक ५० टक्के तांबडा आणि १५ टक्के निळा प्रकाश परतवतो. दोन भिंतींमध्ये उजेड तीनदा आपटला, की तांबड्या-निळ्याचं प्रमाण सुमारे ३.३ पटीवरून ३७ पटीवर जातं. त्यावर वेल्व्हिया चढवली की भिंती विस्तवासारख्या पेटतात. माझं मत विचाराल तर असे फोटो मला लग्नातल्या भडक रोषणाईइतकेच नैसर्गिक वाटतात.

तरी प्रयत्न करायचाच असेल, तर प्रोव्हिया किंवा २०१८ साली पुन्हा आलेली एक्टाक्रोम यांसारखी सौम्य फिल्म घ्या. स्लाइडला उजेडाचा आवाका पाच-सहा स्टॉपचाच, म्हणून मीटर उजळ वाळूवर सांभाळा, सावली काळी पडली तरी चालेल. सावलीतला निळेपणा अगदीच खुपत असेल तर ८१अ सारखा उबदार फिल्टर लावा, पण तो उन्हातली वाळूही पिवळी करेल हे लक्षात ठेवा. रोल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, उष्णतेनं तिन्ही थर सारखे बिघडत नाहीत. अंधूक दरीत काही सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तरी काही फिल्मवर रंग ढळतो, कारण मंद उजेडात प्रत्येक थर वेगवेगळ्या वेगानं सुस्तावतो.

आणि सगळ्यात मोठा घोळ होतो तो लॅबमध्ये. स्कॅनरचं आपोआप रंग सुधारणारं गणित बहुधा असं गृहीत धरतं की चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यावी. बाजारपेठेच्या किंवा लग्नाच्या फोटोत ते बरंच जमतं. वाळवंटाच्या फोटोत चौकटभर वाळूच असते, तेव्हा यंत्र तिच्या सोनेरीपणालाच दोष समजून त्यात निळं मिसळतं. रोल देताना ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, आणि पहिला फोटो त्याच उन्हात धरलेल्या ग्रे कार्डचा काढा, म्हणजे स्कॅन करणाऱ्याला राखाडी कुठे आहे ते शोधत बसावं लागणार नाही.