गाडीतला एसी रुसला तर...

"अहो, एसी लावलाय ना?"
"लावलाय की!"
"मग हा कोमट वारा कसला येतोय?"
"गॅस संपला असेल. भरून घेऊ."

उन्हाळा लागला की हा संवाद तुमच्याही गाडीत होत असेल. आमच्याकडे तीन वर्षं हेच चाललं होतं. गाडी बारा वर्षांची. दर मार्चमध्ये गॅस भरायचा, तेव्हा हवाच बरी असल्यामुळे सगळं गार वाटायचं, आणि मे उजाडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! आम्ही नागपूरचे, इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. गेल्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन अमरावतीला निघालो. हायवेला ठीक होतं, पण रेल्वेच्या फाटकाशी गाडी अडकली आणि दहा मिनिटांत त्यांना भोवळ आली. माझे तर हातपाय गळाले. गॅरेजवाल्याने निदान केलं, "कॉम्प्रेसर गेला. पंचवीस हजार."

मैत्रिणींनो, तेव्हा मी ठरवलं, हे 'पुरुषांचं काम' म्हणून सोडायचं नाही.

आधी एवढंच बघा: वारा कमी येतोय, की वारा भरपूर आहे पण गार नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत. वारा कमी असेल तर पहिला संशय फिल्टरवर. बहुतेक गाड्यांत तो डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो (काही जुन्या लहान गाड्यांत नसतोच). आमचा काढला तर धूळ, वाळकी पानं आणि एक झुरळसुद्धा! कागदी फिल्टर धुऊ नका, नवाच घाला.

वारा भरपूर पण गार नाही, असं असेल तर आमच्यासारखी परीक्षा करा. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असं होतं का? आपल्या जुन्या फ्रीजच्या मागची काळी जाळी आठवा. आतली उष्णता तिथून बाहेर पडते. गाडीत तशीच जाळी रेडिएटरच्या पुढे असते, तिला कंडेन्सर म्हणतात. गाडी पळत असताना तिला समोरचा वारा लागतो. उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर. आमचा पंखा बंद पडलेला, आणि जाळीत धूळ नि किडे गच्च बसलेले. कॉम्प्रेसर बिचारा ठणठणीत होता! पंख्याची मोटर बदलली, जाळी धुतली आणि काम तीन हजारांच्या आत झालं.

जाळी घरी धुता येते. इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि नळाच्या साध्या पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या फवाऱ्याने तिच्या पातळ पट्ट्या वाकतात. पंख्याजवळ मात्र हात नको. काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो.

आता गॅसचं. हा गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. जुन्या रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते खरं. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसला तर तो मेकॅनिकला दाखवा. किती ग्रॅम गॅस लागतो ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. आधी व्हॅक्यूम करून, मग तेवढाच तोलून भरायला सांगा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. या नळ्या घरी कधीही उघडू नका. गॅस दाबाखाली असतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबसल्या काचा लावू नका. दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून गोल बाणाचं बटण दाबा, म्हणजे आतलीच हवा फिरून लवकर गार होते.

कुबट वास येत असेल तर घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. आतली ओल सुकते. गाडीखाली पाणी ठिबकलं तर घाबरू नका, ते ठिबकायलाच हवं. तेच पाणी पायाशी, पायपुसणीवर आलं तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे असं समजा आणि ती मोकळी करून घ्या.