पाण्याची चूल घराबाहेर काढा

डिसेंबर-जानेवारीत परभणी जिल्ह्याचा पारा अनेकदा दहा अंशांखाली जातो. पेडगावसारख्या गावात अशा पहाटे पहिला विस्तव पेटतो तो आंघोळीच्या पाण्यासाठी.

घरात गॅस आहे. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वस्त्यांतल्या बऱ्याच घरांत टाकी आली. चूल मात्र विझली नाही. चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि पाणी चुलीवर. यावरून आपल्या माय-बहिणींना कुणी अडाणी म्हणू नये, त्यांचा हिशेब चोख असतो. पंधरा लिटरची बादली तापवायला साधारण 50 ग्रॅम गॅस लागतो. पाच माणसांचा रोज पाव किलो, महिन्याला साडेसात किलो. म्हणजे 14.2 किलोच्या टाकीतला निम्म्याहून जास्त गॅस नुसता आंघोळीत गेला! रानातून काटक्या, तुराट्या, पऱ्हाट्यांचा भारा आणला तर पैसा लागत नाही. झिजते ती बाईची कंबर. थंड देशांतही आता घर तापवायला विजेवरचा उष्णता पंप आला आहे (फ्रिजचेच तंत्र, उलटे चालणारे), तरी खेड्यापाड्यांतल्या लोकांनी लाकडाची शेगडी सोडलेली नाही.

म्हणून चूल फोडा, असे आम्ही सांगत नाही. पाण्याची चूल तेवढी बाहेर काढा. घरातला सगळ्यात जास्त वेळ जळणारा विस्तव हाच. तो पेटतो तेव्हा थंडीमुळे दार लावलेले असते आणि त्याच खोलीत लेकरे झोपलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 साली जगात 32 लाख माणसे दगावली. लहान मुलांना न्यूमोनिया होतो. आयुष्यात बिडी न ओढलेल्या बायकांनाही दम लागतो आणि घरचे म्हणतात, थंडीचा खोकला आहे.

भिंतीबाहेर आडोसा करून वर पत्रा टाका. मधून नळकांडे असलेला बंब मिळाला तर उत्तम, त्याला लाकूड कमी लागते. जळण वाळलेलेच वापरा. पेटवायला प्लॅस्टिक किंवा टायरचा तुकडा घालू नका, तो धूर विषारी असतो. शाळेला सुट्टी असेल तेव्हा काळ्या रंगाच्या झाकलेल्या भांड्यात पाणी उन्हात ठेवा आणि लेकरांची आंघोळ दुपारी उरका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते. क्षय नसेल आणि तरी दम लागत असेल, तर फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, आणि हे म्हाताऱ्या माणसांच्या घरात आवर्जून वाचून दाखवा. घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. कुणाचे डोके दुखू लागले, मळमळले, हाक मारून उठेना, तर दार उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच 108 ला फोन करा.