करुणेवर रचलेला सापळा

कुमारवाचकांसाठी लिहिलेल्या कथांत युद्ध बहुधा पराक्रमाच्या वेषात अवतरते. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही २००८ ते २०१० या काळात प्रसिद्ध झालेली कादंबरीत्रयी या प्रघाताला अपवाद आहे. कॉलिन्स यांचे वडील अमेरिकन वायुदलात अधिकारी होते. त्या सहा वर्षांच्या असताना ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले. रणांगणावर गेलेल्या माणसाची वाट पाहणारे घर त्यांनी बालपणीच अनुभवले होते.

कथा घडते ती भविष्यकाळातील पॅनेम या राष्ट्रात. प्रजेला भाकरी आणि तमाशा पुरवला की ती मुकाट राहते, अशा आशयाच्या लॅटिन वचनातून हे नाव आले आहे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून तेथील बारा जिल्ह्यांतून दरवर्षी १२ ते १८ वर्षांची २४ मुले निवडली जातात, आणि एकटेच मूल जिवंत उरेपर्यंत त्यांना परस्परांशी झुंजविले जाते. सारे राष्ट्र हा संहार दूरचित्रवाणीवर पाहते. प्रिम या धाकट्या बहिणीचे नाव निघताच कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते.

‘मॉकिंगजे’ या तिसऱ्या भागात जुलमी राजसत्तेविरुद्ध युद्ध पेटते. बंडखोरांची बाजू न्यायाची आहे, याविषयी वाचकाला शंका नसते. परंतु याच पक्षातील गेल, कॅटनिसचा जिवलग मित्र, एका विलक्षण बॉम्बची कल्पना लढवितो. पहिल्या स्फोटात माणसे जखमी व्हावीत आणि त्यांच्या मदतीला इतर धावून आले की दुसरा स्फोट व्हावा, अशी ती योजना. शत्रूच्या दुष्टपणापेक्षा माणसाच्या करुणेवरच हा सापळा रचलेला असतो. पुढे राजधानीत असेच स्फोट मुलांच्या घोळक्यात होतात, आणि शुश्रूषेसाठी धावलेली प्रिम त्यांत मरण पावते. तो बॉम्ब गेलच्या कल्पनेतला होता की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

विजयानंतर बंडखोरांची नेती कॉइन राजधानीतल्या मुलांचा तसाच जीवघेणा खेळ मांडण्याचा प्रस्ताव ठेवते. पदच्युत अध्यक्षाच्या वधासाठी कॅटनिसच्या हाती धनुष्य दिले जाते. ऐन वेळी ती बाण सोडते तो कॉइनवर. सत्ता बदलली तरी रिंगण तेच राहणार, हे तिने ओळखलेले असते.

न्याय्य युद्धालाही साधनांचा विवेक सुटत नाही, हे कठोर सत्य कॉलिन्स यांनी कोवळ्या वाचकांपासून लपविले नाही. ज्या बहिणीला वाचविण्यासाठी कथा सुरू झाली, तिलाच अखेर युद्धाने नेले.