कार्बन-मार्ग परीक्षण, विद्युत् निरोधकांचे
प्लॅस्टिकासारख्या बहुवारिक निरोधकाच्या पृष्ठावर धूळ, क्षार व ओलावा साचल्यास त्यातून सूक्ष्म प्रवाह गळतो. त्याच्या उष्णतेने ओलावा जागोजागी सुकतो व कोरड्या पट्ट्यांवर ठिणग्या पडतात. त्यांमुळे पदार्थ करपून संवाहक कार्बनाचा मार्ग तयार होतो व अखेर मंडल लघुपथित होऊन आग लागू शकते. कोरड्या स्थितीत उत्तम असलेला निरोधकही असा निकामी होत असल्याने त्याचे वेगळे परीक्षण करावे लागते.

आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६०११२ क्रमांकाच्या मानकानुसार नमुन्यावर ४ मिमी. अंतरावर प्लॅटिनमाची दोन विद्युत् अग्रे टेकवितात व त्यांच्यामध्ये ०·१ टक्का अमोनियम क्लोराइडाच्या विद्रावाचे थेंब ३० सेकंदांच्या अंतराने सोडतात. प्रवाह ०·५ अँपिअर वा अधिक होऊन २ सेकंद टिकल्यास किंवा नमुना जळत राहिल्यास तो अपयशी ठरतो. ५० थेंबांपर्यंत पाच नमुने ज्या कमाल विद्युत् दाबाला टिकतात, त्यावरून तौलनिक निर्देशांक ठरवितात. फिनॉलिक रेझिने सहज करपत असल्याने त्यांचा निर्देशांक कमी, तर पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलिनाचा उच्च असतो.

हा निर्देशांक म्हणजे वापरातील सुरक्षित दाब नव्हे. त्याचा उपयोग पदार्थांची तुलना करण्यासाठी व उपकरणातील संवाहकांमध्ये निरोधकाच्या पृष्ठावरून किमान किती अंतर ठेवावे, हे ठरविण्यासाठी होतो.