यादीत तुमची बोट नाही असे कॉम्प्युटर म्हणतो तेव्हा



जूनमध्ये बंदी लागते, ट्रॉलर जेटीला लागतात, तांडेल-खलाशी गावी जातात. मागे उरतो तो कागद. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा, लायसन्स, विमा, सगळ्यांच्या याद्या याच दोन महिन्यांत जुळवायच्या असतात. यंदा या याद्या जुळवताना आमच्याकडून काय काय झाले ते इथे लिहितो आहोत. काही चुका आमच्या होत्या, काही तुमच्याकडून आलेल्या कागदांत होत्या. दोन्ही सांगायला हव्यात.

सुरुवात एका मावशीपासून करतो. नवरा गेल्यावर ट्रॉलर त्यांच्या नावावर झाला, मुलगा चालवतो. परताव्याची कच्ची यादी आम्ही ऑफिसबाहेर लावली, त्यात त्यांची बोट नव्हती. मावशी बोर्डापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, मग आत येऊन हळूच म्हणाल्या, "बाब, बोट माझ्या नावावर झालीच नाही वाटते." म्हणजे त्यांना वाटले कागदपत्रांचाच घोळ आहे, आता परत वकील, परत खेपा. आम्हीही आधी तेच समजलो. आरसी मागवली, नाव बदललेले होते, सगळे रीतसर होते. मग घोळ कुठे?

घोळ एका शून्यात होता. आपल्या पंपाच्या रजिस्टरमधून नंबर कॉम्प्युटरवर चढवताना '०१' मधल्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर पडले होते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरला तसे नाही. त्याने मावशींची बोट शोधली, सापडली नाही म्हणून सांगितले, आणि आम्ही ते खरे मानून यादी लावली.

मावशी विचारायला आल्या म्हणून कळले. त्याच यादीत आणखी अकरा बोटी गायब होत्या.

आता हे जुळवणे म्हणजे नेमके काय ते सांगतो. आमच्याकडे दोन याद्या असतात. एक आपल्या पंपाची, कुठल्या बोटीने किती लिटर भरले ती. दुसरी नोंदणीची. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये केंद्राने नियम बदलून मासेमारी बोटींचे नंबर देशभर एकाच साच्यात आणले. म्हणून आपला नंबर आयएनडी-जीए असा सुरू होतो, मग जिल्ह्याचा आकडा, मग मेकॅनाइज्ड असेल तर एमएम, मोटराइज्ड असेल तर एमओ, आणि शेवटी बोटीचा आकडा. साचा एकच, पण लिहिणारे हात शंभर. समजा, कुणाचा नंबर आयएनडी-जीए-०१-एमएम-००४५ आहे. पंपावर कुणी डॅश न घालता लिहितो, कुणी मध्ये तिरकी रेघ मारतो, कुणी मोकळी जागा सोडतो, कुणी पुढची शून्ये गाळून नुसते ४५ लिहितो. पावती मराठीत लिहिणारे मराठी आकडे घालतात, आणि एक्सेलला मराठी ४५ आणि इंग्रजी ४५ या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. इंग्रजीची मोठी-लहान अक्षरे मात्र व्हीलुकअपला चालतात. बाकी एक टिंब इकडचे तिकडे झाले तरी तो हात वर करतो.

सगळ्यात जास्त छळले ते न दिसणाऱ्या जागेने. दोन नंबर पडद्यावर एकाखाली एक, अगदी जुळ्या भावांसारखे, तरी जुळेनात. शेवटी 'लेन' हा फॉर्म्युला लावून अक्षरे मोजली. एकात १७, दुसऱ्यात १८. शेवटी एक मोकळी जागा चिकटली होती. ती काढायला 'ट्रिम' असतो, पण ट्रिमनेही गेली नाही. वेबसाइटवरून कॉपी करून चिकटवले की कधी कधी एक वेगळ्या जातीची जागा येते, तिचा अंतर्गत नंबर १६०. तिला ट्रिम हात लावत नाही, 'सबस्टिट्यूट'ने मुद्दाम काढावी लागते. हे कळायला आमची एक अख्खी दुपार गेली. बाहेर पाऊस, आत आम्ही जागा शोधतोय.

मग ऑफिसात असे ठरवले. मूळ नंबराला हात लावायचा नाही, तो आला तसा राहू दे. शेजारी नवा रकाना करायचा आणि त्यात सबस्टिट्यूटने डॅश, रेघ, टिंब, जागा सगळे काढून नंबर सलग करायचा. मराठी आकडे इंग्रजी करायचे, शेवटचा आकडा चार अंकांचा करायचा, ओचा शून्य करायचा. हे दोन्ही याद्यांना सारखेच करायचे आणि या सलग नंबरावरच जुळवायचे.

'दोन्ही याद्यांना' हे मुद्दाम लिहिले. पहिल्या दिवशी आम्ही ओचा शून्य फक्त आपल्याच यादीत केला. झाले काय, एमओ मधला ओ पण शून्य झाला आणि मोटरवाल्या सगळ्या होड्या एका झटक्यात यादीतून बाहेर! दुसऱ्या बाजूलाही तोच बदल केल्यावर परत आल्या.

इथे कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, नावावरून जुळवा की. तेही करून पाहिले. आपल्याकडे नावांची कथा तुम्हाला माहीत आहे. फर्नांडिस शेवटी एसने की झेडने, डिसोझा वरच्या स्वल्पविरामासकट की त्याविना, पागीमध्ये यू घालायचा की नाही, हे एकाच घरातल्या दोन भावांचे जुळत नाही, तर याद्यांचे काय जुळणार! बोटींची नावे तर देवांची. शांतादुर्गा कुठे एक शब्द, कुठे दोन, पुढे श्री कधी आखूड, कधी लांब, कधी नाहीच. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे एकाच नावाच्या दोन-दोन, तीन-तीन बोटी आहेत, मालक वेगळे. 'स्टार ऑफ द सी' म्हटल्यावर कुणाची? जुळवणी नंबरानेच करायची. नाव फक्त खात्री करायला.

नुसता शेवटचा आकडा घेऊनही भागत नाही. एमएमचा ४५ आणि एमओचा ४५, दोन जिल्ह्यांचे दोन ४५, या सगळ्या वेगळ्या बोटी. नंबर पूर्णच हवा.

आता आमची खरी चूक. न सापडलेल्या बोटी मागे लागून सापडतात, कारण मालक येऊन भांडतो. चुकीची बोट सापडली तर मात्र कुणीच येत नाही. घाईत आम्ही व्हीलुकअपचा शेवटचा, चौथा भाग लिहायचा विसरलो. तिथे 'फॉल्स' लिहिले तर तो तंतोतंत नंबर शोधतो. काहीच लिहिले नाही तर तो यादी क्रमाने लावलेली आहे असे समजतो आणि नंबर सापडला नाही की त्याच्या आधीचा जवळचा उचलून देतो. आमची यादी क्रमाने नव्हतीच. एरर एकही नाही, सगळे रकाने भरलेले, आम्ही खूश. छापायच्या आधी एका संचालकांनी सहज बोट ठेवली, "हा ट्रॉलर पूर्ण सिझन दुरुस्तीला ओढलेला होता, याने एवढे डिझेल कधी भरले?" तपासले तर शेजारच्या नंबराचे लिटर त्याच्यापुढे आले होते. तशी यादी पुढे गेली असती तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात, आणि संस्थेच्या तोंडाला काळे.

तेव्हापासून रिकामा रकाना दिसला तर आम्ही घाबरत नाही. सगळे पहिल्याच फटक्यात जुळले तर मात्र चार-पाच बोटी हाताने पंपाच्या पावतीशी ताडून बघतो. फॉर्म्युल्याने जे जुळत नाही ते अंदाजाने जुळवायचे नाही, मालकाला फोन करायचा, हेही ठरले. फोन केल्यावर कळले की उरलेल्यांत दोघांनी अजून जुनाच नंबर चालवला आहे आणि एकाने बोट विकली तरी पावत्या जुन्या मालकाच्या नावे फाटतात. हे कुठल्याही फॉर्म्युल्याला कळणार नव्हते.

बँकेचेही थोडे सांगायला हवे. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच नीट धरतो, पुढच्यांचे शून्य करतो. खाते १६ अंकी असेल तर शेवटचा अंक गेलाच. म्हणून तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच खाती भरायची. आधी भरून नंतर टेक्स्ट केले तर गेलेला अंक परत येत नाही. आणि आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो, त्यातले पाचवे कायम शून्य असते, ओ नाही. फॉर्म भरताना तेवढे बघा.

मावशींची बोट आता यादीत आहे, त्या अकराही आहेत. सुधारलेली यादी बोर्डावर लावली आहे. १ ऑगस्टला दर्यावर जायच्या आधी येऊन आपला नंबर, लिटर आणि खाते तिन्ही बघून जा. येताना आरसीची झेरॉक्स आणि पासबुकाचे पहिले पान आणा, नंबर तोंडी सांगू नका. आणि पंपावर पावती फाडताना मुलाला सांगा, केबिनवर रंगवलेला नंबर बघून पूर्ण लिही, नुसते 'आमचा नेहमीचा' नको. ऑफिस रविवार सोडून रोज सकाळी उघडे आहे.